घर आताच इथं होतं

त्या रविवारी सकाळी डोणगावच्या बाहेरच्या पडीत मैदानात गुलाबराव दुधाची पिशवी घेऊन उभे होते, आणि समोर त्यांचं घर नव्हतं.

घर पडलं नव्हतं, जळलं नव्हतं, कोणी बळकावलंही नव्हतं. ते गेलं होतं. चाकांना लावायचे दोन दगड तेवढे मागे राहिले होते, आणि पाहुणे येणार म्हणून सिंधूताईंनी दारापुढं काढलेली रांगोळी. रांगोळी होती, दार नव्हतं.

गुलाबराव फवारणीचे पंप दुरुस्त करतात. पूर्वी सायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरायचे, आणि ज्या गावात जो वायसर लागायचा तो नेमका घरी राहिलेला असायचा. एकदा एका वायसरापायी तिसऱ्यांदा घरी आले तेव्हा सिंधूताई म्हणाल्या, "असं करा, आता घरच घेऊन जा सोबत. मंग काई मागं राहणार नाई." त्या चिडून बोलल्या होत्या. गुलाबरावांनी ते मनावर घेतलं. भंगारातून ट्रॅक्टरची ट्रॉली आणली, वर लोखंडी सांगाडा, पत्रे, आतून प्लायवूड. स्वयंपाकाच्या बाजूला मोडीतल्या एसटीची खिडकी लागली, तिच्यावर अजूनही 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लाल अक्षरांत आहे. भाजी करपली की सिंधूताई तीच उघडतात. मुलगा प्रसेनजित या घरात लहानाचा मोठा झाला आणि आता नांदुऱ्याला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागला.

घराला चाकं आहेत, इंजिन नाही. ज्या गावाला पंप दुरुस्त करून पाहिजेत त्या गावानं ट्रॅक्टर पाठवायचा, असा रिवाज पडून गेला. ट्रॅक्टरवाला पिन अडकवतो, दोन हॉर्न देतो. आतून सिंधूताई भांडं वाजवतात. म्हणजे डबे फळीवर बसले, गॅस बंद झाला, चला. वर्षानुवर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

आजचा दिवस मात्र वेगळा होता. बुलढाण्याहून प्रेमानंद येणार होते, त्यांची मुलगी दीपमाला हिला घेऊन. दीपमाला आणि प्रसेनजित एकमेकांना पसंत होते, दोन्हीकडच्या आयांचं फोनवर बोलणं झालं होतं, राहिलं होतं फक्त मुलाचं घर पाहणं. प्रेमानंद कोर्टात नोकरीला. पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय त्यांना पगारासोबत लागलेली. प्रसेनजितला दुकानातून सुटी मिळाली नव्हती, म्हणून त्यानं रात्री फोनवर तीनदा बजावलं होतं, "बाबा, उद्याच्याले घर हलवू नका. कोणीही येऊ द्या." आणि गुलाबरावांनी सिंधूताईंच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

आता गुलाबरावांनी सिंधूताईंना फोन लावला. तो त्यांच्याच खिशात वाजला. रिचार्ज मारायला त्यांनीच नेला होता. रिचार्ज मारून चहा घेतला, चहावर गप्पा झाल्या, गप्पांवर दुसरा चहा झाला. तेवढ्यात घर गेलं.

आणि तेवढ्यात पांढरी गाडी मैदानात येऊन थांबली.

"जय भीम," प्रेमानंद उतरत म्हणाले. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मैदान, बाभूळ, दुधाची पिशवी. "घर कुठी आहे?"

"आताच इथं होतं," गुलाबराव म्हणाले.

कोर्टात प्रेमानंदांनी पुष्कळ उत्तरं ऐकली होती, पण हे नवीन होतं. मागून दीपमाला उतरली. तिनं रांगोळीकडं पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरली. रडायला नव्हे.

"रांगोळी छान आहे हो, काका," ती म्हणाली.

गुलाबरावांना वाटलं, जमीन फाटावी. पण पायाखालची जमीनही सरकारी होती. पोराचं जमलेलं लग्न एका दुधाच्या पिशवीपायी मोडणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. मग त्यांनी सगळ्यात निरुपयोगी गोष्ट केली. चाकांचे दोन दगड उचलले आणि म्हणाले, "डिक्की उघडता काय? हे घराचे आहेत."

प्रेमानंदांनी काय विचार केला कोण जाणे, पण डिक्की उघडली.

घर चाकांवरचं आहे आणि कोणीतरी ओढून नेलं, हे गुलाबरावांनी वाटेत सांगितलं. फाट्यावर पानठेल्यापाशी गाडी थांबली. प्रेमानंदांनी काच खाली केली, आणि त्यांना प्रश्नच सुचेना. 'एक घर जाताना पाहिलं का,' असं शुद्धीवरचा माणूस कसं विचारणार? पण पानवाल्याला मागं बसलेले गुलाबराव दिसले.

"काऊन बे गुलाबराव, घर पळालं काय?"

"कोनं नेलं रे?"

"निळा ट्रॅक्टर होता, असा सरळ गेला. गाणे हे जोरात! अन् तुमच्या खिडकीतून फोडणीचा वास. आमच्यावाला नाश्ता व्हायचा आहे म्हटलं, असं नका करू." मग पानवाला वाकून प्रेमानंदांना म्हणाला, "याच्या घरचे पोहे खाल्ले काय साहेब? मंग तुमी काईच नाई खाल्लं."

पुढच्या गावात वेशीपाशी गोजरबाई शेळ्या घेऊन चालली होती. तिनं गाडीत गुलाबराव पाहिले आणि काठी बोनटवर ठेवली.

"आता आला का रे! परवा देतो म्हणून माहा पंप नेला होता, तिसऱ्या हप्त्यात दिला. सोयाबीन अळ्यांनी अर्धं खाल्लं."

गुलाबराव सीटमध्ये जितके खाली जाता येईल तितके गेले.

प्रेमानंद सावध झाले. हा खरा साक्षीदार. पढवलेला नाही, चिडलेलाही आहे. "मावशी," त्यांनी विचारलं, "माणूस कसा आहे हा?"

"माणूस? आयकून घ्या. शब्दाचा खोटा. गप्पिष्ट. चहा दिसला की काम विसरते." गोजरबाईनं दम घेतला. "पण मले ताप भरला होता न, तं याच्या बायकोनं मले त्या डब्यात चार दिवस ठेवून घेतलं. हा बाहेर बाजेवर झोपला. घर हालवाले ट्रॅक्टर आला होता, तो याने वापस पाठवला. लोकं बोंबलले. तरी नाई हालला." मग काठी उचलत तिनं विचारलं, "तुमी कोन? पोलीस व्हय?"

"नाही. मुलीकडचे."

"अरे देवा," गोजरबाई म्हणाली. "मंग अळ्यांचं सोडा. माह्यी शेतीच तशी आहे."

दीपमाला आता उघड हसत होती. प्रेमानंद हसले नाहीत. त्यांनी काच वर केली आणि गाडी पुढं काढली. गुलाबरावांना याचा अर्थ लावता येईना. चांगला अर्थ तर त्यांना एकही सुचत नव्हता.

तिसऱ्या गावाच्या अलीकडं, चिंचेखाली, घर सापडलं. निळ्या ट्रॅक्टरजवळ सागर नावाचा ट्रॅक्टरवाला मान खाली घालून उभा होता आणि सिंधूताई दारात, हातात पोहे हलवायचा सराटा. गाडीतून आधी गुलाबराव उतरले, त्यामुळं बाकीचे त्यांना दिसलेच नाहीत.

"शपथ घेतली होती न डोक्यावर हात ठेवून! पोराच्या लग्नापरीस पंप मोठा झाला काय तुमाले? बुलढाण्याचे लोकं तिथं येऊन काय पाह्यतीन, बाभूळ?"

"मी नाई हालवलं, सिंधू. मी तं दूध—"

"काकू, चूक माही आहे," सागर पुटपुटला. "सोमवारी न्याचं ठरलं होतं, पण ट्रॅक्टर आजच मोकळा होता. म्या दोन हॉर्न देल्ले. आतून भांडं वाजलं. म्हटलं चला."

सिंधूताईंनी हातातल्या सराट्याकडं पाहिलं. पोह्यांना फोडणी देताना तो कढईच्या काठावर दोनदा आपटल्याचं त्यांना आठवलं. "मी किती वरडली," त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण तुह्ये ते गाणे! ते सरले तवा कुठी तुले आयकू गेलं."

"घर चालू असताना पोहे केले?" मागून दीपमालाचा आवाज आला.

सिंधूताई दचकल्या. पदर सावरला. "गॅस तं लगेच बंद केला, बाई. पन कढई मांडीत धरून बसावं लागलं. सांडू नाई देल्ले पाहुण्यायचे पोहे."

मग सगळे आत गेले. प्रेमानंदांनी घर पाहिलं, कोर्टवाला पाहतो तसं. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, चारी कोपऱ्यांना स्क्रू. डब्यांच्या फळीला पट्टी. प्रसेनजितच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर, आणि प्रत्येक खुणेपुढं त्या त्या वेळच्या गावाचं नाव. पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा मागून घेतले. चहा झाला. गुलाबराव त्यांच्या तोंडाकडं पाहत बसले होते, निकालाला उभं राहिल्यासारखे.

शेवटी प्रेमानंद म्हणाले, "गुलाबराव, एक विचारू? मुलगी सणाला घरी येईल म्हटलं, तर येईल कुठी?"

"पंप जिथं बिघडला असन तिथं," गुलाबराव खरं तेच बोलले.

"बाबा," दीपमाला चौकटीवरच्या खुणांवरून बोट फिरवत म्हणाली, "आपलं घर तीन मजली इमारतीत आहे. पण वरच्या मजल्यावाल्यांचं नाव मला अजून माहीत नाही. इथं तर पानवाल्याला पोह्यांची चव माहीत आहे."

प्रेमानंद उठले. खाली उतरले. सिंधूताईंनी गुलाबरावांकडं पाहिलं. सागरनं ट्रॅक्टरकडं. डिक्की उघडल्याचा आवाज आला, आणि मग घराला एक बारीकसा धक्का बसला.

सगळे दारात आले. प्रेमानंद नवी पँट वर ओढून उकिडवे बसले होते आणि दगड चाकाखाली सारत होते. एक लावला. कुरकुरत दुसरीकडं गेले, दुसरा लावला.

"आता याले जरा थांबवा," ते हात झटकत म्हणाले. "मले तारीख काढाची आहे. अन् सागर, तू त्या गाण्याचा आवाज कमी कर बे. वरातीले तुह्याच ट्रॅक्टर लागन."