ऑब्व्हियसली म्हणणारा मेकॅनिक

वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हातात अक्कल आहे, पण ती तोंडापर्यंत पोहोचलीच नाही, असं बायको म्हणते.

मागच्या वर्षी कंपनीने आम्हा मेकॅनिक लोकांना गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते एक दिवस शिकवलं. शिकवणाऱ्या साहेबांच्या दर दोन वाक्यांमागे 'ऑब्व्हियसली' यायचं. मला वाटलं, हा आदराने 'होय' म्हणायचा शब्द. आरशासमोर घोटून घेतला. दोनदा जीभ चावली, पण बसला.

आठवडाभर तो वाटत सुटलो. गिऱ्हाइकं गप्प व्हायची. छाप पडतेय, असं समजून मी आणखी फुगायचो.

मग एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला, म्हणून त्यांच्या घरी गेलो.

"मशीन पाणीच घेत नाही," बाई म्हणाल्या. "माझंच काही चुकलं असेल का हो?"

"ऑब्व्हियसली," मी नम्रपणे म्हणालो.

बाईंच्या भुवया चढल्या. "म्हणजे या वयात मला बटणं कळत नाहीत?"

"ऑब्व्हियसली, मॅडम!"

बाईंनी स्टूल ओढलं. "बसा." आवाज असा की मी मुकाट बसलो.

"त्या शब्दाचा अर्थ काय?"

"होय... म्हणजे, आदराने होय."

"अर्थ आहे 'उघडच आहे'. दोघांनाही दिसत असेल तिथे शोभतो. तुम्ही चिंब भिजून आलात आणि मी विचारलं, पाऊस आहे का, तर खुशाल म्हणा. पण कुणी बिचकत शंका विचारली आणि तुम्ही हे म्हणालात, तर ऐकू येतं, 'एवढंही कळत नाही?'"

माझे कान तापले. कालच एका आजोबांनी विचारलं होतं, "मशीन माझ्यासारखंच निकामी झालंय का?"

मान खाली घालून कामाला लागलो. मागचा पत्रा काढला, व्हॉल्व्ह खोलला, वायरी तपासल्या. अर्ध्या तासाने बाई हळूच म्हणाल्या, "भिंतीवरचा नळ सुरू आहे ना?"

नळ बंद होता. बहुधा भांडीवालीने केला असावा. मी मात्र त्याच्याच खाली बसून घाम पुसत होतो.

बाईंच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. "होतं असं," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

तिथून निघालो तो थेट आजोबांकडे, माफी मागायला.

"इंग्रजी मला कुठे कळतं?" आजोबा म्हणाले. "पण आलाच आहात तर तेवढा पंखा बघा. फार करकरतो."

पंख्यातलं मला काही कळत नाही. तरी तासभर स्टुलावर चढून उभा होतो.