माती चाखणारे मामा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका मातीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याने ती इतक्या चवीने चाखली नसेल. लग्न ठरवायला ही मंडळी आमच्या विरारच्या फ्लॅटवर आली, तेव्हा मुलाचा पगार, मुलाचं गाव असल्या किरकोळ चौकशा इतरांवर सोपवून मामा थेट गॅलरीत गेले. तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती जिभेच्या टोकाला लावली, डोळे मिटले, पचकन थुंकले आणि आत येऊन म्हणाले, "पाणी जरा जास्तच घालतात. पण माणसं प्रेमळ आहेत." माझं लग्न त्या चिमटीवर ठरलं, आणि मी त्यांचा जावईबापू झालो. पुढे आगाशीच्या बाजारात, मंगल कार्यालयाच्या आवारात, कुठे म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. एकदा दवाखान्याच्या दारातली कुंडी चाखून त्यांनी डॉक्टरांनाच सांगितलं, "हिला चुना झालाय. आधी हिला औषध द्या, मग मला." माझी बायको लाजेने अर्धी झाली होती.

वटारला त्यांची राजेळी केळ्यांची वाडी होती. तिथून निघताना फाटकाशी थांबून चपला दगडावर आपटायचा त्यांचा शिरस्ता असे. "इथली माती इथेच राहू दे, ती काय आपल्याबरोबर बाजारहाट करायला येणार आहे?" पाहुण्यांचीही सुटका नव्हती. मी नवा जावई, पायात नवे बूट, तरी मलाही आपटायला लावले.

मग त्यांची विहीर खारी झाली आणि मातीला मीठ चढलं. अशी जमीन तीन पावसाळे मोकळी सोडली की पाणी मीठ धुऊन नेतं आणि माती पुन्हा गोड होते, हे वाडीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मामांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी एकच पावसाळा वाट पाहिली आणि जमीन एका शेडवाल्याला विकून टाकली. तिथे नळांच्या तोट्यांना रसायनांत बुडवून चकाकी चढवत. काही वर्षांनी शेड बंद पडली, मालक परागंदा झाला, आणि मागे राहिली गंजकी पिंपं नि एक हिरवं डबकं. मामा बघायला गेले आणि सवयीने चिमूट जिभेवर ठेवून बसले. पुढचे आठ दिवस त्यांना चहा आणि आमटी यांतला फरक कळेना. "दोन पावसाळे, जावईबापू," ते मला म्हणाले, "आणखी दोनच थांबलो असतो." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

ती जागा बागेसाठी राखीव होती, ती पालिकेकडे आली. तेव्हापासून मामांचा एकच ध्यास, मरण्यापूर्वी ती माती गोड झालेली बघायची आणि तिच्यात राजेळीचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं केळीचं पिल्लू, लावायचा. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामा अर्जाबरोबर मातीची पुडी नेत. साहेबांच्या टेबलावर ती उघडून म्हणत, "जीभ लावून बघा, म्हणजे अर्ज वाचायलाच नको." साहेब खुर्चीसकट मागे सरकत. असे किती साहेब बदलले! शेवटी सरकारी निधी येणार असं ठरलं आणि एक तरुण इंजिनीयर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ही माती धुऊन नाही निघणार. उचलून विषारी कचऱ्याच्या जागी कायमची पुरावी लागेल. शेजाऱ्यांचं आणि जुन्या मालकांचं संमतीपत्र जोडतोय, त्यात हे स्पष्ट लिहा." बाई खरं तेच सांगत होत्या. मी लिहिलं. पण मामांना वाचून दाखवताना ती एक ओळ गाळली. त्यांनी विश्वासाने सही केली. आजही मला त्या सहीची शरम वाटते.

डंपर लागले, माती गेली, खोल खड्डा उरला. मामा रोज फाटकाच्या दगडावर जाऊन बसू लागले. पुढ्यात पत्र्याच्या डब्यात लावलेला मुनवा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "धुवायला गेलीय. लाँड्रीत कपडे देतो ना, तसं. दोन पावसाळे तर लागणारच." लोक हसत, मीही हसल्यासारखं करी. सांगायचं सांगायचं म्हणत दोन पावसाळे मी नुसता गप्प राहिलो.

एका सकाळी खरंच डंपर आला. "आली!" मामा ओरडले आणि वयाला न शोभेल असे धावले. ओंजळभर माती उचलली, चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. 

"जावईबापू, ही ती नव्हे. आपली कुठाय?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. गाळलेली ओळसुद्धा.

"सही माझीच ना कागदावर?"

"हो, पण मामा, चूक माझी—"

"मग बरोबर आहे. मागल्या खेपेलाही माझीच होती." हातातली माती त्यांनी हळूच खाली सोडली. "पण सांगायचं होतंत हो. निघाली तेव्हा फाटकाशी उभा तरी राहिलो असतो."

मला रडू आवरेना. मामांनीच माझ्या पाठीवर हात फिरवला. मग डंपरच्या ड्रायव्हरकडे वळून विचारलं, "गोड आहे रे ही. कुणाच्या वाडीतली?" त्याला काय ठाऊक! "भाऊ, निघताना कुणी उभं होतं का तिथे?" त्याने नाही म्हणून मान हलवली. मामांनी डब्यातला मुनवा काढून कोपऱ्यात लावला, फाटकाशी आले, आणि चपला काढून दगडावर आपटल्या. "आता ही इथलीच," म्हणाले.

मामांना जाऊन वर्ष होत आलं. बागेतल्या त्या केळीला घड लागलाय. रविवारी मी तिथे फिरायला जातो आणि निघताना फाटकाशी बूट आपटतो. परवा वॉचमनने विचारलं, "सर, पायाला काय लागलं का?" मी नाही म्हटलं आणि दुसरा बूट काढला.