मुकी धाप

हल्ली लोक मला आजारी कोंबड्यांचे व्हिडिओ पाठवतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन नगरला येऊन बसलो, तरी जुने ओळखीचे सोडत नाहीत. परवा एका बहाद्दराने व्हिडिओला चक्क गाणं जोडलं होतं. मी फोनवर ओरडलोच, "अरे, कोंबडीचा आवाज ऐकव की!" मग एकटाच हसत बसलो. आजारी पाखराचा आवाज ऐकायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवलं सुप्याकडच्या एका वस्तीवरच्या सुनेनं.

ते दिवस आठवले की जीव हळवा होतो. खडखडणारी मोटारसायकल, डिकीत औषधं, आणि कुठल्याही वस्तीवर गेलं तरी शेळीच्या दुधाचा चहा. या वस्तीवर कोंबड्यांचं एकच शेड होतं. ते सासऱ्यांनी बांधलेलं, पण पिल्लांचं सगळं सूनच बघायची. आठवड्याभराची पिल्लं मरायला लागली तेव्हा सासऱ्यांनी मला बोलावलं. पिल्लं माना ताणून, चोची उघडून श्वास घेत होती. मी दारातूनच "सर्दी" म्हणून मोकळा झालो. अँटिबायोटिक दिलं, ऊब राहावी म्हणून पडदे घट्ट लावायला सांगितलं. नवी नोकरी होती, अंगात भारी मिजास होती.

तीन दिवसांनी गेलो तर मरतूक दुप्पट झालेली. सून शेडाबाहेर, दाराच्या जाळीला धरून उभी होती.

"अडचनीच्या दिवसांत आत गेल्ती ही," सासरे म्हणाले. "इटाळ झाला पिल्लास्नी. आता हिला शेडात कायमची बंदी."

हे खुळचट आहे हे मला कळत होतं. पण माझं औषध फुकट गेलेलं, आणि दोष दुसऱ्याच कुणाच्या माथी जात होता. मी तो जाऊ दिला.

तेवढ्यात ती जाळीपलीकडून म्हणाली, "साहेब, सर्दीत गळा घरघरतो. ही घरघरत न्हाईत. मुकीच धापा टाकतात."

"डॉक्टर मी आहे की तुम्ही?" मी खेकसलो. तिने मान खाली घातली.

रागारागानेच मी एक पिल्लू उचलून कानाशी धरलं. दुसरं धरलं, तिसरं धरलं. चोची सताड उघड्या, पण एकाच्याही गळ्यात घरघर नव्हती.

मग लिंबाखाली बसून मेलेलं पिल्लू उघडलं. फुप्फुसात राळ्याच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी होत्या, आणि एके ठिकाणी हिरवट बुरशी धरली होती. शेडात जाऊन पिल्लांखालची गादी उकरली. सासऱ्यांनी साखर कारखान्यातून उसाचा चोथा आणून अंथरला होता. तो वाटेत भिजलेला. वरून कोरडा दिसे, खाली हिरवागार, कुबट. तीच बुरशी पिल्लांच्या श्वासातून आत जात होती आणि माझ्या पडद्यांनी तिला शेडात कोंडून ठेवलं होतं. अँटिबायोटिकला ती दाद देणार नव्हतीच.

"गादी सगळी काढा, पडदे उघडा, बुरशीवर मोरचुदाचं पाणी फवारा," मी सांगितलं. "आजारी आहेत ती जातील, बाकीची वाचतील."

"मंग इटाळ?" सासऱ्यांनी विचारलं.

"विटाळ कसला! चूक तुमच्या चोथ्याची, आणि माझ्या पडद्यांची."

एवढं बोललो, याचं अजून बरं वाटतं. पण सासऱ्यांनी हात जोडले. "तुमी वळखलं म्हनून, साहेब. देवमानूस तुमी." ती जाळीतून माझ्याकडे बघत होती. 'मी नाही, तुमच्या सुनेनं ओळखलं', एवढंच म्हणायचं होतं. मी हात धुवायला पाणी मागितलं.

तिने तांब्या आणला. माझ्या हातांवर धार धरता धरता हळूच विचारलं, "साहेब, आता मी आत जाऊ ना?"

आणि मी, मोठ्या साहेबाच्या थाटात, तिला परवानगी दिली.