टकल्याचा पाय आणि मामाचा पूर

माझ्या मामाशी भांडणं अवघड आहे, कारण तो भांडतच नाही. गिरणीवाल्याने ओलसर पीठ पाठवलं तरी 'जाऊ दे', शेजाऱ्याने बेकरीच्या दारात गाडी लावली तरी 'जाऊ दे'. भट्टीसमोर उभं राहून त्याचा चेहरा कायम तांबूस असतो, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला वाटतं हा माणूस रागीट आहे. घरातलं रागावण्याचं सगळं काम मामी करते आणि उरलंसुरलं मी, म्हणजे त्यांची भाची.

मामा राखीव सैनिक आहे. म्हणजे एरवी आपला धंदा करायचा, वर्षातून एकदा शिबिराला जायचं आणि सरकारने बोलावलं की हातातलं पीठ झटकून वर्दी चढवायची. युद्ध त्याने पाहिलं नाही. पण एका वर्षी नदीचा बांध फुटला, तेव्हा राखीव लोकांना बोलावणं आलं आणि मामा अख्खा हिवाळा तिकडेच अडकला. नेमकी त्याच हिवाळ्यात माझी मामेबहीण जन्मली. मामीने निरोप धाडला, पण मामा काही आला नाही. भट्टी पेटवणं, पीठ मळणं, पाव विकणं आणि मधेच बाळाला पाजणं, सगळं तिने एकटीने निभावलं. तो परत आला तेव्हा पोरगी माणसं ओळखायला लागली होती आणि त्याला बघून तिने भोकाड पसरलं. 'रजा मागितलीच नसेल हो त्यांनी,' मामी माझ्या आईला आजही सांगते. 'त्यांना मागायला येतंच कुठे!' हे ती हसत सांगते, पण त्या हसण्यात अजून थोडं दुखतं.

यंदा मामाचं वय झालं म्हणून त्याला राखीव दलातून मोकळं करायचं ठरलं. त्याआधी त्याच्या सेवेचा कागद घरी आला. वाचा, बरोबर असेल तर सही करा, सही झाल्यावर कोणताही बदल होणार नाही. मामा न वाचताच सही करणार होता. मामेबहिणीने त्याच्या हातातून कागद ओढला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"पुराच्या कामावर पहिल्याच आठवड्यात पाय मोडला. घरी पाठवले. उर्वरित काळ घरी विश्रांती." ती खोखो हसत सुटली. "बाबा, तू तर घरीच होतास की! मग मला मांडीवर घ्यायला काय झालं होतं?"

मामाही हसला. मामी हसली नाही. तिने हातातला पावांचा ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे हा माणूस घरात पाय पसरून पडला होता आणि मी ओली बाळंतीण भट्टीत लाकडं सारत होते, असं लिहिलंय? दाखवा बघू, कुठला पाय मोडला होता?"

मामाने मुकाट्याने दोन्ही पाय दाखवले. खांबासारखे धडधाकट.

"सही करायची नाही," मामी म्हणाली. "ते वर्ष तुमचं एकट्याचं नव्हतं."

रेकॉर्ड ऑफिसात मामाबरोबर मला धाडण्यात आलं. त्याला एकट्याला पाठवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देण्यासारखं होतं, सही करूनच परतला असता. तिथे भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा रंग, त्यावर बसून बसून टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग, आणि खिडकीपलीकडे चष्म्याला दोरी लावलेल्या कारकून बाई. मी भांडणाची पुरी तयारी करून गेले होते. पण बाई इतक्या सरळ निघाल्या की माझी तयारी वाया गेली. त्यांनी आतून जुनं कपाट उपसून इस्पितळाची चिठ्ठी आणली.

"जखमी माणूस बेशुद्ध होता. अंगातल्या कोटाच्या कॉलरमधे शिवलेला नंबर बघून नोंद केलीय. नंबर तुमचाच आहे. काही आठवतं का?"

मामा चिठ्ठीकडे बघत राहिला आणि मग "नाही" म्हणाला. मामाला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल होतात.

"साक्षीदार आणा," बाई म्हणाल्या, "साहेबांसमोर उभं करते."

बाहेर पडल्यावर मामा म्हणाला, "जाऊ दे. सही करून टाकतो."

मी भर फुटपाथवर भडकले. "मामा, तुझ्या तोंडात तो शब्द कुणी शिवून ठेवलाय का? घरी जाऊन मामीला काय सांगू मी?"

मग त्याने सांगितलं. दलाच्या कोठारातून कोट मापाने मिळत नसत, हाताला येईल तो ज्याचा त्याचा नंबर शिवून गळ्यात मारत. त्यामुळे कोट मिळाला की प्रत्येक जण आपल्या अंगाला होईल असा कोटवाला शोधायचा आणि अदलाबदल करायचा. सगळेच करायचे, वरच्यांनाही ठाऊक होतं. मामाला आला तो काखेत उसवेल असा, आणि त्याच्या मित्राला आला तो तंबूएवढा. हा मित्र म्हणजे पलीकडच्या गल्लीतला सलूनवाला. धंदा केस कापायचा आणि स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणून अख्खी तुकडी त्याला टकल्या म्हणायची. दोघांनी कोट बदलले. पुढे टकल्या बांधावरून घसरला, पाय मोडला, डोकं आपटलं, आणि मामाच्या कोटात गुंडाळून त्याला इस्पितळात नेलं. मामा राहिला टकल्याच्या कोटात. हजेरी जेवणाच्या रांगेत कॉलर उलटून घेत. झालं! पाय मामाच्या नावावर गेला आणि मामाने उपसलेला सगळा चिखल टकल्याच्या नावावर.

"मग सांग की साहेबांना!"

"अगं, पूर्ण काळ राहिलेल्यांना पदक मिळालं. त्याला टपालाने आलं. त्याला वाटतं पाय मोडल्याबद्दल दिलं. मलाही आजपर्यंत तसंच वाटत होतं. त्याने ते दुकानात आरशाच्या वर लावलंय. मी दर महिन्याला त्याच्याखाली बसून केस कापून घेतो. आता ते मी खाली उतरवू?"

अशा माणसाला रागवावं की मिठी मारावी, मला कधीच कळलेलं नाही. मी दोन्ही केलं नाही. घरी जाऊन मामीला सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामी पदर खोचून, मला मागे घेऊन टकल्याच्या सलूनमध्ये शिरली. पुरुषांच्या सलूनमध्ये ती जन्मात पहिल्यांदा जात होती. खुर्चीवर एक गिऱ्हाईक होतं, अर्धा चेहरा साबणात. मामीने पदकाकडे एकदा पाहिलं, जरा घुटमळली, आणि मग एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. टकल्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "म्हणजे माझा पाय सरकारदरबारी नाहीच?"

"नाही. तो आमच्याकडे आहे."

"तरीच! सासरे जाईपर्यंत म्हणत होते, जावई पिऊन पडला असणार, कागदावर तर कुठे काही नाही. इतकी वर्षं लंगडतोय मी, आणि मोडला कुणाचा, तर त्या रेड्याचा! जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

"तुला शेंडी तरी कुठाय?" खुर्चीवरचं गिऱ्हाईक म्हणालं. "आणि माझ्या दुसऱ्या गालाचं काय?"

टकल्याने तो गालही नीट उरकला. मग स्टुलावर चढून त्याने पदक काढलं, पंच्याने पुसलं आणि खिशात घातलं. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी लपवणार नाही. पण त्याने एकदाही 'बघू' म्हटलं नाही.

साहेबांसमोर आम्ही सगळे हजर झालो. टकल्या इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "साहेब, माझा पाय याच्या नावावर आहे आणि याचा पूर माझ्या नावावर," तो म्हणाला. "आमची अदलाबदल करून द्या." आणि त्याने पदक टेबलावर ठेवलं.

"ते त्याच्याकडेच राहू दे," मामा घाईने म्हणाला.

"पदकाचं मी वर विचारतो, तोवर तुमच्याकडेच ठेवा," साहेब टकल्याला म्हणाले. मग मामाकडे वळले. "पाय यांचा मोडला हे पटलं. पण पुढे तुम्ही तिथे होता हे कशावरून? हे तर इस्पितळात होते. तिथे असलेल्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगा."

मामाने बुटांकडे पाहिलं. मग चोरून मामीकडे पाहिलं.

"मला शिक्षा झाली होती."

"कशाबद्दल?"

"मुलगी झाल्याचा निरोप आला. मी रजा मागितली. तुकडीचे मुख्य नाही म्हणाले, बांध गळत होता तेव्हा. दुपारी परत मागितली. संध्याकाळी परत मागितली, जरा मोठ्याने. तेव्हा ते जेवत होते. त्यांचं ताट उडालं."

"उडालं?"

"उडवलं," मामा म्हणाला. त्याचे कान पांढरेच होते. "मग महिनाभर संडासाचे खड्डे खणायला लावले."

मी मामाकडे बघतच राहिले. आमच्या मामाने ताट उडवलं! मामीने बाकाची कड घट्ट धरली होती.

साहेबांनी टकल्याची फाईल चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. "वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मुलीच्या जन्मानिमित्त रजेचा हट्ट. शिक्षा."

"मी? मी तर प्लास्टरमधे होतो!" टकल्या ओरडला. "आणि मला दोन्ही मुलगेच आहेत!"

साहेब हसले. "पटलं. पुराचं काम तुमच्या नावावर घेतो." पेन उघडून ते मामाला म्हणाले, "ही शिक्षेची ओळ मात्र गाळतो. तुमचं बाकीचं पान स्वच्छ आहे. जाताना कशाला डाग लावून घेता?"

"नको साहेब," मामी उठून उभी राहिली. तिचा आवाज फुटत होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "बाकीचं राहिलं तरी चालेल. ती ओळ आधी लिहा."

साहेबांनी मामाकडे पाहिलं. मामाने मान हलवली. साहेब लिहायला लागले तशी मामीने सगळ्यांदेखत मामाचा हात धरला, आणि लिहून होईपर्यंत सोडला नाही.