मी हिरवट म्हणाले

हे मी कुणालाच बोललेले नाही. सख्ख्या बहिणीला नाही, आईला नाही, देवापुढंही तोंड उघडून नाही — त्याला माहीत असणारच म्हणून तिथं नुसता दिवा लावते आणि गप्प उठते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी यायची शक्यता कमी. आलात तर चहा पाजीन, चांगला आलं घालून, पण मग हे सांगायची नाही.

आणि रडगाणं ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. आमचं बरं चाललंय — लई बरं चाललंय. तीच तर गोम आहे.

आमचे हे नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायला होते. मशीनवरून निघालेला तुकडा हातात घ्यायचा, मापात आहे का बघायचं, रंग बघायचा, आणि पटला तरच शिक्का मारायचा. सगळं खातं यांच्या नजरेला वचकून असायचं. घरीही तेच. भाकरी एका कडेला जाड झाली की न चाखता सांगायचे, पडदा बोटभर खाली आला की लगेच टोकायचे. मी म्हणायची, अहो, मला एकदा शिक्का मारून टाका म्हणजे सुटले. हसायचे, पण पडदा सरळ करूनच बसायचे.

असा माणूस निवृत्त झाला. आता त्याने बघायचं तरी काय? नळ बघून झाले, कड्या-कोयंडे बघून झाले, माझे डबे उतरवून पुन्हा लावून झाले. मग लेकीकडं पुण्याला गेलो होतो, तिथं एका दुकानात समुद्राच्या पाण्यातले मासे बघितले आणि यांचे पाय तिथंच रुतले. परत आलो ते काचेची टाकी घेऊनच.

माझं माहेर तिसगाव. पाथर्डी तालुक्यातलं. पाण्याची किंमत मला कुणी शिकवायला नको. आणि इथं हा माणूस चांगलं यंत्रातून गाळून काढलेलं पाणी बादलीत घेतो आणि त्यात पिशवीतलं मीठ कालवतो. पहिल्यांदा तर मला बघवेचना, मी आत जाऊन बसले. पण चेहरा बघितला यांचा — कामावर निघताना असायचा तसा झाला होता. मग म्हटलं, कालवा बाबा.

मला वाटलं, झालं, आता मासे येणार. तर नाही. टाकीत वाळू, वाळूवर भोकाभोकांचे दगड, मोटर सुरू, दिवा सुरू, आणि आत कुणीच नाही. हे समोर खुर्ची टाकून बसलेले. मासे घाण करतात, त्या घाणीतून अमोनिया म्हणून विष होतं, ते खाऊन टाकणारे बारीक जीव आधी त्या दगडांत धरले पाहिजेत, आणि ते धरेपर्यंत थांबायचं, असं मला समजावून सांगितलं. त्या जीवांना जोगवा म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचे.

"म्हणजे विरजण," मी म्हणाले.

"काय?"

"पाण्याला अजून विरजण लागायचंय. लागलं म्हणजे मग मासे."

काय खूश झाले! आल्यागेल्याला तेच सांगायला लागले, आणि वर "हे आमच्या हिचं बरं का" म्हणायचे. मी आतून ऐकायची. इतक्या वर्षांत माझी एखादी गोष्ट यांनी अशी चारचौघांत मिरवली नव्हती.

पण लोक ते लोकच. शेजारच्या शकूताई रोज डोकवायच्या. "भाऊजी, पाणीच पाळलंय व्हय?" हे शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मला मात्र लाज वाटायची. महिना उलटून गेला तरी टाकीत शेपूट दिसेना, आणि आमच्या दारात हसणारी माणसं वाढायला लागली.

पाणी तयार झालं का ते बघायची एक रीत होती. बारक्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, थोडं थांबायचं. पाण्याला रंग येतो. तो रंग एका कागदावरच्या रंगांशी जुळवायचा. हिरवा आला तर विष आहे, पिवळा आला तर नाही. किती दिवस हिरवाच येत होता. मग एक दिवस लिंबाच्या फोडीसारखा पिवळा आला. हे नळी घेऊन खिडकीत गेले, अंगणात गेले, पुन्हा आत आले. "आता मारतो शिक्का," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून गोगलगायी आणि लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या मागवल्या. आधी त्यांना सोडायचं, त्या जगल्या की मग मासे.

इथंच मी माझी अक्कल चालवली.

झालं असं, की आईचा फोन आला. मी कौतुकानं सांगितलं, पाणी तयार झालं. ती म्हणाली, "मंग वटी भरली का न्हाई? नव्या पान्याला तसंच ठिवू न्हाई बाई. हिरीला पानी लागल्यावर आपन काय करतो?" आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं की त्याची ओटी भरतात. हळदकुंकू, खण, नारळ, आणि पाण्यात एक पैसा. मला ते पटलं. इतकी हसणारी माणसं येऊन बघून गेली, दृष्ट लागायला वेळ लागतो का? यांना विचारलं असतं तर पाण्यात काही टाकू दिलं नसतं. म्हणून हे पाण्याच्या कॅनी आणायला गेल्यावर मी काचेला बाहेरून हळदकुंकू लावून लगेच पुसलं, आणि दगडांच्या मागं, दिसणार नाही असा, एक पैसा सोडला. जुना, तांब्याचा, ढब्बू. माझ्या लग्नात आईनं ओटीत घातलेला. तांदूळ टाकले नाहीत, ते कुजतील एवढं मला कळत होतं. बघा, किती विचार केला होता मी.

गोगलगायी आल्या. काचेवर चढल्या, शकूताई बघून गेल्या, हे त्या दिवशी जेवताना गुणगुणत होते. आणि आठवड्याच्या आतच एकेक करून त्या खाली पडल्या. कोळंब्याही आडव्या झाल्या.

हे उठले. मेलेल्या सगळ्या चमच्यानं बाहेर काढल्या आणि शोधायला बसले. कारखान्यात खराब माल निघाला की असेच बसत असणार. मोटर खोलली, नळ्या काढल्या, मीठ बघितलं. मोबाईलवर वाचून मला मोठ्यानं सांगत होते — हे असेल का, ते असेल का. आणि मग म्हणाले, "तांबं. जरा जरी तांबं पाण्यात उतरलं तरी गोगलगायी, कोळंबी जगत नाहीत." आणि माझ्याकडं बघून विचारलं, "अगं, तू तांब्याच्या कळशीनं तर पाणी घातलं नाहीस ना?"

मी नाही म्हणाले. खोटं होतं का? कळशीनं नव्हतंच घातलं.

हे आंघोळीला गेले तसा मी बाही वर सारून हात घातला. पैसा सापडला. हिरवा पडला होता, कडेकडेनं बुरशी आल्यासारखा. पदरात पुसला आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिला. शेजाऱ्याच्या घरात चोरून शिरावं तसं वाटत होतं मला.

तुम्ही म्हणाल, झालं, एवढंच ना? अजाणता झालं, रीतीनं केलं, कोण रागावणार आहे? खरं आहे. पैशाचं सांगायला मला एवढा आटापिटा करावा लागला नसता. ते मी आज ना उद्या हसत सांगितलंही असतं. पण पुढचं —

हे आंघोळ करून आले, पुन्हा नळी भरली, थेंब टाकले, हलवली. खिडकीत धरली. बराच वेळ बघत राहिले. मग मला हाक मारली. यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याला विचारून रंग ठरवला नव्हता. "मला पिवळा दिसतोय," म्हणाले. "तुला कोणता दिसतो?"

पिवळा होता. हळदीच्या पाण्यासारखा, लख्ख. आंधळ्यालाही कळला असता. म्हणजे विष नव्हतं, यांचं सगळं बरोबर होतं, दोष दुसरीकडं होता — आणि दुसरीकडं शोधायला लागले की फिरून तांब्यावर येणार होते, आणि तांब्यावरून माझ्यावर. माझ्या हाताला अजून त्या पैशाचा वास येत होता.

मी म्हणाले, "मला जरा हिरवट वाटतो."

तो एक शब्द. तेवढंच केलं मी. यांनी नळी पुन्हा उजेडात धरली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "असेल. म्हणजे तेव्हाही हिरवटच असणार आणि मी पिवळा समजून शिक्का मारला." आणि नळी हळूच ठेवून दिली. रागावले नाहीत, कुरकुरले नाहीत. खाली बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. मीच गेले बरोबर, पिशवी घेऊन. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे छान आहेत. मला वाटलं, सुटले. पण हे बाहेर येऊन म्हणाले, "अक्षरं वाचणं वेगळं, रंग ओळखणं वेगळं. तू होतीस म्हणून कळलं." रिक्षात बसल्यावर माझा हात धरला. मी धरू दिला.

टाकी उपसली. दगड-वाळू सगळं काढून टाकलं, काच धुतली, नवीन आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा रिकामी टाकी, पुन्हा चिमूटभर खाणं, पुन्हा शकूताई. फक्त या वेळी नळी भरली की मला हाक यायची, "ये गं, रंग बघ." मी बघायची आणि सांगायची. त्या दिवसापासून एकदाही खोटं सांगितलेलं नाही. हिरव्याला हिरवा, पिवळ्याला पिवळा. आपसूक पाणी विरजलं, गोगलगायी जगल्या, कोळंब्या जगल्या, आणि मग ते नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले. अजून आहेत. शकूताई आता पाहुण्यांना घेऊन येतात आणि यांच्याआधी त्याच विरजणाचं सांगतात.

मग कारखान्यात यांच्याबरोबर असलेले एकजण आले. त्यांनी नागापूरलाच स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. मी आत चहा ठेवत होते, मध्ये फक्त भिंत. ते म्हणत होते, "सकाळच्या वेळेला तेवढं येत जा. तपासायला तुमच्यासारखा माणूस न्हाई आपल्याकडं." किती मानानं विचारत होते.  हे म्हणाले, "नको. माझ्याच डोळ्यांवर आता मी शिक्का मारत नाही. तुझा माल परत यायचा."

भिंतीपलीकडं जायला किती पावलं लागतात? चहा हातात घेऊन गेले असते आणि म्हणाले असते, अहो, पिवळाच होता. तेवढं वाक्य. मी चहात साखर घातली, ढवळला, गाळला. आणि खरं सांगू का — मला बरं वाटलं. हे घरी राहणार म्हणून बरं वाटलं. सगळा संसार कारखान्याच्या तीन पाळ्यांत गेला आमचा. हे यायचे तेव्हा मी झोपलेली, मी उठायची तेव्हा हे निघालेले. आता दुपारी समोरासमोर ताट वाढून बसतो. रविवारी नळ्या भरतो. हे थेंब मोजून टाकतात, मी रंग सांगते, हे मान डोलावतात. कारखान्यात सगळ्यांवर भारी असलेला माणूस माझ्या तोंडाकडं बघत बसतो, मी काय म्हणते म्हणून. हे मला आवडतं. लाज वाटते आणि आवडतंही, दोन्ही.

हे सगळं मी कारण म्हणून सांगत नाही. कारण तेव्हा एवढंच होतं, की मी सापडू नये.

पैसा अजून करंड्यातच आहे. रोज कुंकू लावताना बोटाला लागतो. घासून लख्ख केला होता, पुन्हा काळा पडला. परवा आईनं फोनवर विचारलं, वटी भरल्याचा गुण आला ना? मी म्हणाले, आला.

आज रविवार आहे. बाहेरून नळ्यांचा आवाज येतोय, म्हणजे आता हाक येईल. हे त्या नळीकडं आता बघतही नाहीत, सरळ माझ्या हातात देतात. डोळे यांचे चांगले आहेत. या घरात ते फक्त मला माहीत आहे.