पुढं सरका, सेठ

मोंढ्याच्या बाजाराजवळचं शोरूम मला काय भावात पडलं, ते आज सांगतो.

पैशाचं बँकेला माहीत आहे. त्याशिवाय झोप गेली. भूक गेली. आणि घरात मीराशी, म्हणजे बायकोशी, दोन शब्द बोलायची सवय गेली.

हे सगळं परत मिळालं.
ज्या माणसानं मिळवून दिलं, तो मागच्या मंगळवारी पहाटे झोपेतच गेला.

किसनमामा. आमच्या मागच्या गल्लीतले. जिंतूर डेपोचे रिटायर कंडक्टर.

मी मोटार-पंपाचा माणूस. पत्र्याच्या टपरीत मोटारी रिपेअर करत करत शोरूमपर्यंत आलो. कान हेच माझं भांडवल. रस्त्यानं जाता जाता, विहिरीवरच्या मोटारीचं बेरिंग गेलंय का ते मला ऐकू येतं.

पण शोरूम उघडलं आणि माझ्याच डोक्यात एक मोटार चालू झाली. बंदच होईना.

सकाळी उठावंसं वाटेना. कामावरची माणसं शटर उघडायची, मी आपला पांघरुणात. कुणी विचारलं की "बरं हाय" म्हणायचं. विषय संपला.

अशाच एका सकाळी मामा दारात.

लहानपणापासून मला बाल्या म्हणणारा माणूस, शोरूम झाल्यापासून टोमण्यानं सेठ म्हणायला लागला होता.

"गुडघे लय आखडलेत, सेठ. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलंय. एकट्याला भ्या वाटतंय, पडलो बिडलो तर? चला."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"पुढं सरका, सेठ, पुढं सरका. मागं गर्दी व्हायलीय."

मागं फक्त मीरा होती, चहाचा कप घेऊन. कित्येक दिवसांनी हसली. मग मला चप्पल घालावीच लागली.

येलदरी रोडनं निघालो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग रोजच.

फोन घरी ठेवायचा. का, तर मामांच्या गाडीत फोनला सीट न्हाई.

मामा विचारायचे, कसं हाय? मी म्हणायचो, बरं हाय. की मामा जागेवरच उभे. एक तरी खरी गोष्ट सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग मी सांगायचो. पाठ धरलीय. रात्री जेवलो नाही. मीरावर उगीच खेकसलो.

आणि एकदा सुरू झालो की कंपनीचं टार्गेट, सीझन, समोर उघडलेलं दुसरं दुकान, सगळं एका दमात. मामा पूर्ण ऐकून घ्यायचे. मग अस्सल कंडक्टरच्या आवाजात,

"हा इचार कुठं उतरणार हाय?"

ज्याला उतरायचं ठिकाण होतं, त्याचं त्या दिवशी काम करायचं. ज्याला नव्हतं, त्याला मामा तिथंच रस्त्यावर उतरवायचे. हात वर करून दोरी ओढल्यासारखं करायचे. टिंग टिंग. चला.

हसू नका. आजही गिऱ्हाईक समोर नसलं की मी शोरूममध्ये बसून हेच करतो.

एका सकाळी मामांनी विचारलं, कसं हाय, आणि मी खरं तेच सांगितलं.

मामा, काल धरणावर जाऊन बसलो होतो. कशाला गेलो होतो, ते आठवून माझं मलाच भ्या वाटायलंय.

मामा थांबले. टोमणा नाही, टिंग टिंग नाही. सेठसुद्धा नाही.

"बाल्या," म्हणाले, "घरी चल."

माझं मनगट धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही. मीरासमोर बसवून मला तेच परत बोलायला लावलं. त्याच दिवशी आम्ही तिघं एसटीनं परभणीला, डॉक्टरांकडे. गोळ्या घेतल्या. बरेच महिने घेतल्या. हे इथं उघड लिहितोय, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणी रोज "बरं हाय" म्हणत असेल.

परतताना मामा म्हणाले, काही बोलू नको, भूक लागली का तेवढं सांग.

लागली होती. जिंतूरला उतरलो आणि स्टँडवर उभं राहून तिघांनी गरम भजे खाल्ले. भज्यांना चव असते, हे मी विसरलो होतो.

पुढं मी चांगला झालो, पण मामांसोबतचं चालणं सोडलं नाही. आणि मी पडलो दुकानदार, जाहिरात सुरू केली. मोंढ्यात, लग्नात, जिथं तिथं सांगायचो, म्हाताऱ्याला मी चालता ठेवलाय. मी नसतो तर खाटेवर पडला असता.

मामांसमोरच सांगायचो. त्यांच्या गुडघ्याचा आवाज मला पहिल्या पावलालाच ऐकू यायचा. कट, कट. मी म्हणायचो, मामा, डावं बेरिंग बोलायलंय. चालत राहा, मोकळं होईल.

मामा मान डोलवायचे.

"तुमच्यामुळंच चालायलोय, सेठ."

काल मामांच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मी मामीजवळ जाऊन बसलो आणि तिथंही तेच बोललो, मामांचे गुडघे शेवटपर्यंत मी चालते ठेवले.

मामीनं मीराकडं बघितलं. मीरानं खाली बघितलं. मग मामीनं सांगितलं की मामा पहिल्यांदा दारात आले, त्याच्या आदल्या संध्याकाळी मीरा त्यांच्या घरी येऊन रडून गेली होती.

अजूनही एक सांगितलं.

आज सकाळी एकटाच निघालो, मामा. फोन घरी ठेवला. तुम्ही विचारलं असतं, कसं हाय?

बरं न्हाई, मामा. पण चालायलोय.

तुम्ही होता म्हणून मी आहे. जयभीम, मामा.

आणि खरं सांगायची सवय तुमचीच, म्हणून मामीचं ते दुसरंही लिहितो.

डॉक्टरांनी मामांना चालायला सांगितलंच नव्हतं. गुडघे पार झिजलेत, जिनासुद्धा चढू नका, असं सांगितलं होतं.