चुन्याखालचा लाल पट्टा

माणसापेक्षा दगडाची जास्त विचारपूस करणारा गृहस्थ अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका भवानी पेठेत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. भूगोलाचे निवृत्त सर. बायको गेल्यापासून एकटे. पाहुण्याला पाणी द्यायचं विसरतील, पण खिडकीतल्या गारगोट्या रोज पुसतील. एकदा मी पाट्याला टाकी लावून घेत होते, तर टाकी मारणाऱ्या बाईला म्हणाले, "जरा हळू, लाव्हा आहे तो." ती बिचारी हात झटकून लांब सरकली.

मंद्रूपकडच्या एका खाणीत त्यांचा जीव अडकला होता. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर माती साठली, वरून दुसरा लाव्हा आला नि ती भाजून निघाली, असं ते सांगत. खाण पुढे सरकली की त्याची खडी होणार. सरांनी पत्रं लिहून लिहून दगडांच्या एक बाई, वनस्पतींचे एक आणि पाण्याचे एक, असे तीन जाणकार बोलावले. तिघांनी मिळून अहवाल दिला तरच खाणीची ती पट्ट्याची भिंत वाचणार होती.

मी डबा घेऊन सोबत गेले. पोचतो तर अख्खी भिंत पांढरीशुभ्र. गावाने आदल्या दिवशी चुना मारलेला.

"तुमीच म्हणलात की सर, लई मोठी मान्सं येनार हायती," सरपंच म्हणाले. "पावन्यांपुढं काळी भिंत बरी दिसंल व्हय?"

सर नखाने चुना खरवडायला लागले. मग तिघांची जुंपली. दगडवाल्या बाई म्हणाल्या, ॲसिडने धुऊ. पाणीवाले म्हणाले, ते खालच्या विहिरीत उतरेल. मग बाईंनी तासू म्हटलं, तर वनस्पतीवाले चुन्याखालचं शेवाळ जाईल म्हणून आडवे. शेवटी साधं पाणी नि माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. तीन दिवस पुसता पुसता तिघांच्याही ध्यानात आलं, की लाल पट्ट्यावर पाणी अडतं, तिथेच शेवाळ धरतं आणि तेच पाणी गावाच्या विहिरीला मिळतं. अहवाल एकच झाला. खाण भिंतीच्या अलीकडेच थांबली.

जाणकार आपापल्या गावी गेले. परवा मी सरांसोबत पुन्हा खाणीवर गेले, तर कोपऱ्यात तळहाताएवढा चुना तसाच. मी पदर ओला केला.

"राहू द्या, आक्का," सर हळूच म्हणाले. "तेवढं राहिलंय म्हणून कळवलंय त्यांना. येतील."

मी पदर पिळला नि त्यांच्याशेजारी बसले.